हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य : झाडाची किंमत जाणणारा कारभारी

मित्रांनो, एन्व्हायर्नमेंटल स्टडीज हा विषय आपण सगळे पेपरच्या आदल्या रात्री वाचतो. त्यात एक प्रश्न हमखास येतो. उद्योगधंद्यांनी पर्यावरण सांभाळावं म्हणून सरकारने काय करावं? आपण ठरलेले मुद्दे लिहून मोकळे होतो. दंड, टॅक्समध्ये सूट, सबसिडी, क्लिअरन्स, जनजागृती. पाच मुद्दे, पाच मार्क, विषय संपला! आणि हे सगळं युरोप-अमेरिकेत तयार झालं, 1972 च्या स्टॉकहोम परिषदेनंतर आपल्याकडे आलं, अशी आपली पक्की समजूत असते.

पण देवरूखहून साखरप्याला जाऊन आंबा घाट चढला की विशाळगडाचा रस्ता फुटतो. आपल्यापैकी बरेच जण तिथे ट्रेकला जाऊन आले असतील. मराठी राज्याच्या सर्वांत कठीण काळात या गडावरून कारभार करणाऱ्या एका माणसाने या प्रश्नाचा तीनशे वर्षांपूर्वी विचार केला होता. त्याच्यासमोर फॅक्टरी नव्हती, जहाजं होती. केमिकल नव्हतं, लाकूड होतं. पण अडचण तीच होती. धंदा चालला पाहिजे, राज्य टिकलं पाहिजे आणि झाडंही राहिली पाहिजेत. त्या माणसाचं नाव रामचंद्र नीळकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य बावडेकर.

हिशेबाच्या घरातला मुलगा

रामचंद्रपंतांचा जन्म 1650 च्या सुमाराचा. वडील नीळकंठ सोनदेव, म्हणजे निळो सोनदेव, हे शिवाजी महाराजांच्या पदरी मुजुमदार होते. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च बघणारा मोठा अधिकारी. आजच्या भाषेत फायनान्स खातं. त्यामुळे तलवारीपेक्षा आधी वह्या, कीर्द आणि आकडे बघतच हा मुलगा मोठा झाला असणार.

वडिलांच्या मृत्यूनंतर 1672 च्या सुमारास कामाची जबाबदारी मुलांकडे आली. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांमध्ये अमात्य म्हणून रामचंद्रपंतांचं नाव होतं. वय साधारण चोवीस! आपण त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत असतो किंवा राहिलेले विषय सोडवत असतो. या तरुणाकडे एका नव्या राज्याच्या जमाखर्चाचा कारभार होता.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्यांनी झाडांबद्दल जे लिहिलं ते कवीच्या नजरेने लिहिलेलं नाही. ते एका अकाउंटंटने लिहिलेलं आहे. एखादी वस्तू तयार व्हायला किती वर्षं लागतात, ती संपायला किती दिवस लागतात आणि तोटा कोणाच्या खात्यावर पडतो, हे त्याला बरोबर कळत होतं.

आरमार आणि मीठ

कल्याण-भिवंडी 1657 मध्ये स्वराज्यात आली आणि त्यानंतर मराठ्यांचं आरमार उभं राहू लागलं. 1664 मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. गुराब, गलबतं, मचवे अशी जहाजं बांधायची तर लाकूड हवं. तेही साधंसुधं नाही. तळाच्या कण्याला लांब, जाड, न कुजणारं लाकूड लागतं. डोलकाठीला सरळ वाढलेलं झाड लागतं. जहाजबांधणी हा त्या काळातला भरपूर लाकूड खाणारा मोठा उद्योग होता. त्याचा मुख्य गिऱ्हाईक होतं सरकारच. म्हणजे जंगलाला धोका कोणाकडून होता? सरकारच्या स्वतःच्या गरजेकडून.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याशी जोडलेली आहे. गोव्याजवळचा बारदेश पोर्तुगीजांकडे होता आणि तिथलं मीठ स्वस्त पडत असे. त्यामुळे घाटावरचे व्यापारी बैल घेऊन तिकडे वळू लागले आणि आपल्या संगमेश्वरकडच्या मिठाचा धंदा बसायची वेळ आली. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. ते मीठ महाग पडलं की व्यापारी आपोआप इकडे येतील, हा हिशेब त्यामागे होता.

हे पत्र पर्यावरणाचं नाही, धंदा वाचवण्याचं आहे. पण त्यातली युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्यापाऱ्याला उपदेश केला नाही, शिपाई पाठवून त्याची वाटही अडवली नाही. फक्त किंमत बदलली. व्यापारी जिथे फायदा तिथे जातो, मग फायदाच आपल्याला हवा तिथे नेऊन ठेवायचा. आज पेट्रोलवरचा टॅक्स किंवा इलेक्ट्रिक गाडीवरची सूट याच तत्त्वावर चालते. रामचंद्रपंत अशा कारभारात तयार झाले.

विशाळगडाचे दिवस

1680 मध्ये शिवाजी महाराज गेले. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज आपल्याच संगमेश्वरला पकडले गेले आणि 11 मार्चला औरंगजेबाने त्यांना ठार मारलं. त्याच वर्षी रायगड पडला. छत्रपती राजाराम महाराजांना थेट तामिळनाडूतल्या जिंजीला जावं लागलं.

आता महाराष्ट्रात राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. समोर औरंगजेबाचं प्रचंड सैन्य. अशा वेळी राजाराम महाराजांनी इथला सगळा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब दिला. म्हणजे राजाच्या वतीने हुकूम काढायचा पूर्ण अधिकार. पंतांनी विशाळगडावर मुक्काम ठेवला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव, शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक या सगळ्यांना बरोबर घेऊन त्यांनी लढाई चालू ठेवली. लढणाऱ्या सैन्याला पैसा आणि दाणागोटा पुरवायचा, गेलेले किल्ले परत घ्यायचे, पळालेली रयत परत आणून शेती सुरू करायची, हे सगळं एकाच वेळी.

राजाराम महाराज 1698 मध्ये परत आले आणि 1700 मध्ये सिंहगडावर वारले. पुढे ताराराणींनी लढा चालवला. 1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि राज्याचे दोन भाग झाले. सातारा एकीकडे, कोल्हापूर दुसरीकडे. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. 1714 मध्ये तिथे राजाराम महाराजांचे धाकटे पुत्र संभाजी गादीवर आले. नवा राजा तरुण होता आणि पंत पासष्टीला टेकले होते. चार छत्रपती आणि एका राणीचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. हे सगळं ज्ञान आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून 1715 च्या सुमारास एक ग्रंथ तयार झाला. तोच आज्ञापत्र.

आज्ञापत्रातलं जंगल

आज्ञापत्र राजाच्या नावाने निघालं, पण ते लिहिलं रामचंद्रपंतांनी असं मानलं जातं. त्यात राजाने कसं वागावं, प्रधान कसे असावेत, सावकार, वतनदार, किल्ले, आरमार अशी प्रकरणं आहेत. थोडक्यात, राज्य चालवण्याचं मॅन्युअल! भाषा जुनी आणि वाक्यं लांबलचक. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्याला शब्दार्थ बघतच वाचावं लागतं, म्हणून त्यातला मतलब आपल्या साध्या भाषेत सांगतो.

झाडांविषयीचा प्रसिद्ध मजकूर आरमाराच्या प्रकरणात येतो. बऱ्याच पोस्टरवर तो शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून छापलेला असतो. धोरण महाराजांच्या काळापासूनचं असेल, पण मजकूर या आज्ञापत्रातला आहे.

त्याचा अर्थ असा. आरमारासाठी मोठं लाकूड लागतं. राज्यातल्या अरण्यात सागवान वगैरे जी झाडं आहेत त्यातलं गरजेपुरतं लाकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावं. जास्त लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडसुद्धा जहाजाला उपयोगी असतं, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लावून पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही. एकाला रडवून केलेलं काम करणाऱ्यालाही लाभत नाही आणि प्रजेला पीडा दिल्याचा दोष राजावर येतो. शिवाय झाडं नाहीशी झाली की त्याचं नुकसान वेगळंच. म्हणून ही गोष्ट होऊच देऊ नये. एखादं झाड अगदी जुनं झालं, कामातून गेलं, तरच मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचं समाधान करून ते घ्यावं. जबरदस्ती बिलकुल करू नये.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. पहिली गोष्ट, हा नियम रयतेसाठी नाही. तो सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहे. सरकारने आधी स्वतःचा हात आवरला. दुसरी, परवानगी वरून घ्यायची. बंदरावरच्या माणसाला जहाज लवकर पुरं करायची घाई असते, म्हणून तोडायची की नाही हे त्याने ठरवायचं नाही. तिसरी, कच्च्या मालाची वर्गवारी केली. कोणतं झाड परवानगीने, कोणतं अजिबात नाही, कोणतं आयुष्य संपल्यावर. चौथी, मोबदला. झाड मालकाचं आहे हे मान्य करून पैसे मोजायचे. आणि पाचवी, मालकाची राजीखुशी. नुसते पैसे फेकून भागत नाही.

यात एक कच्चा दुवाही आहे. परमुलखातून लाकूड आणलं म्हणजे तोड थांबली असं नाही, ती दुसऱ्याच्या मुलखात गेली. आजही एका देशात नियम कडक झाले की कारखाना दुसऱ्या देशात जातो, तसंच हे.

त्या काळात जगात काय चाललं होतं? फ्रान्समध्ये मंत्री कोल्बेर याने 1669 मध्ये जंगलाचा मोठा कायदा आणला होता. कारण तेच, आरमाराला लाकूड. तिथे खाजगी मालकाच्या चांगल्या झाडांवरसुद्धा सरकारचा पहिला हक्क असे. जर्मनीत सॅक्सनीच्या खाणींचा अधिकारी कार्लोविट्झ याने 1713 मध्ये जंगलावर पुस्तक लिहिलं. खाणी आणि भट्ट्यांसाठी लाकूड संपत चाललं होतं, म्हणून जेवढं उगवेल तेवढंच तोडा असा त्याचा विचार होता. आज आपण सस्टेनेबल हा शब्द उठसूट वापरतो, त्या विचाराची सुरुवात या पुस्तकापासून धरतात. त्यानंतर दोनच वर्षांनी इकडे आज्ञापत्र लिहिलं गेलं. दोघांची ओळख असायचं कारणच नाही. पण जर्मन अधिकाऱ्याचा भर उत्पादनावर होता आणि आपल्या अमात्यांनी झाड लावणाऱ्या माणसालाही हिशेबात धरलं. हा फरक मला मोठा वाटतो.

कचरा, सावकार आणि टोपीकर

झाडांचा मजकूर सगळ्यांना माहीत असतो, बाकीचा फारसा कोणी सांगत नाही. किल्ल्यांच्या प्रकरणात पंतांनी स्वच्छतेचे नियम दिलेत. गडावरचा केरकचरा खाली टाकायचा नाही. जागच्या जागी जाळून राख परसात टाकायची आणि त्यावर भाजीपाला करायचा. गड बांधायच्या आधी पाणी बघायचं, एका झऱ्यावर विसंबून न राहता टाकी खोदायची. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावायचे आणि आज ज्यांचा उपयोग दिसत नाही तीही झाडं राखायची, कारण वेळेला लाकूड कामास येतं. आपल्या होस्टेलच्या मागची बाजू बघितली तर हे प्रकरण नोटीस बोर्डावर लावायला हरकत नाही!

व्यापाऱ्यांबद्दल पंतांचं मत चांगलं होतं. सावकार म्हणजे राज्याची शोभा, असं ते मानत. त्यांना बोलावून आणावं, पेठा वसवाव्यात, समुद्रावरच्या व्यापाऱ्याला भरवसा द्यावा, असं ते सांगतात. म्हणजे पंत धंद्याच्या विरोधात नव्हते. पण टोपीकरांना, म्हणजे युरोपियन कंपन्यांना, वखारीसाठी जागा द्यायची तर ती समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आतल्या बाजूला सखल ठिकाणी द्यावी, पक्की मजबूत इमारत बांधू देऊ नये, असंही त्यांनी बजावलं. हेतू राज्याच्या सुरक्षेचा होता. पण धंदा करा, जागा मात्र आम्ही ठरवणार, हे सूत्र आजच्या सायटिंगच्या नियमांत तसंच आहे.

वतनाची चूक

पंतांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. युद्धाच्या काळात तिजोरीत पैसा नव्हता. सरदार मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून राजाराम महाराजांच्या सरकारने वतनं आणि इनामं दिली, आणि इथला कारभार पंतांच्याच हाती होता. ती त्या वेळची सबसिडी होती. तिने काम केलं, राज्य वाचलं. पण एकदा दिलेलं वतन परत घेता येईना. वतनदार आपल्या मुलखात छोटे राजेच होऊन बसले. आज्ञापत्रात पंतांनी वतनदारांवर कडक लिहिलंय आणि नवी वतनं देऊ नयेत असं बजावलंय. खुद्द पंतांनाही गगनबावड्याची जहागीर होती, ज्यावरून घराण्याचं नाव बावडेकर पडलं. तरीही त्यांनी ते लिहिलं.

उद्योगांना सवलत देताना आजच्या सरकारनेही हा धडा घ्यावा असं मला वाटतं. सवलत द्या, पण ती किती वर्षांची आणि कोणत्या कामाबद्दल, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. काम नाही झालं तर ती आपोआप बंद झाली पाहिजे.

आज्ञापत्रानंतर लवकरच, 1716 च्या सुमारास, पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचं निधन झालं.

आज आपल्या आजूबाजूला

आता घाट उतरून परत देवरूखला येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं आहे. आपल्याला एसटीच्या खिडकीतून जी हिरवी झाडी दिसते ती बहुतेक लोकांच्या मालकीची आहे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे आंबा, साग, खैर अशी झाडं आपल्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे पंतांची परवानगी कायद्यात आली. पण मोबदला आणि राजीखुशी कुठे गेली?

मालकाचा हिशेब साधा आहे. झाड उभं ठेवलं तर हातात काही नाही. तोडलं तर व्यापारी रोख पैसे देतो. मुलीचं लग्न, आजारपण, आपल्यासारख्या पोरांच्या फिया, या सगळ्याला रोख लागतं. अशा माणसाला नुसतं पर्यावरण वाचवा सांगून काय होणार? त्याच्या बाजूने बघितलं तर तो चुकत नाही.

आनंदाची गोष्ट म्हणजे यावर आपल्याच तालुक्यात काम झालंय. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात खाजगी जंगलांच्या मालकांशी करार केले. ठराविक वर्षं झाडं तोडायची नाहीत आणि त्याबदल्यात मोबदला घ्यायचा. आंब्या-फणसाच्या मालकाला राजी करून पैसे मोजण्याचीच ही नवी आवृत्ती. फक्त पंत जुनं झाड तोडायला पैसे देत होते, इथे उभं ठेवायला मिळतात. हे एका संस्थेने किती गावांत करायचं? सरकारने हे मोठ्या प्रमाणावर उचललं पाहिजे आणि लाकडावर चालणाऱ्या धंद्यांना त्यात घेतलं पाहिजे. चिपळूण-सावर्डे भागात कात तयार होतो. त्याला खैर लागतो. कातवाल्याने शेतकऱ्याला खैर लावायला आगाऊ पैसे दिले आणि त्या रकमेवर सरकारने टॅक्समध्ये सूट दिली, तर कारखान्यालाच जंगल हवंसं वाटेल. तेव्हा त्याला राखायला गार्ड ठेवावा लागणार नाही.

कारखान्यांचंही तसंच. खेड तालुक्यात लोटे परशुरामची केमिकलची एमआयडीसी आहे. तिथे सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे आणि तरीही दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये धुरावरून कारखान्यांना एक ते पाच स्टार द्यायची पद्धत सुरू केली. ही कल्पना चांगली आहे, कारण चांगलं काम करणाऱ्याला चारचौघांत मान मिळतो. पण पंतांचा हिशेब लावला तर आणखी एक गोष्ट हवी. सरकार स्वतः हजारो कोटींची खरेदी करतं. सिमेंट, लोखंड, रंग, कागद, गाड्या. ज्या कारखान्याला पाच स्टार, त्याचाच माल आधी घेऊ, असं सरकारने ठरवलं तर उद्योग किती लवकर सुधारतील! आरमाराचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जसा स्वतःपासून सुरू झाला, तसं.

आणि मित्रांनो, सरकार म्हणजे कोणी दुसरं नाही. आपल्यातलेच काही जण उद्या पीडब्ल्यूडीत, एमआयडीसीत, प्रदूषण मंडळात असतील. काही जण कारखान्यात परचेस डिपार्टमेंटला बसतील. टेबलावर एक फाईल येईल. रस्त्याच्या कडेला पन्नास आंबे आहेत, काम लवकर संपवायचं आहे, वरून फोन चालू आहेत. त्या वेळी विशाळगडावरच्या त्या म्हाताऱ्या कारभाऱ्याची आठवण ठेवा. सत्तावीस वर्षांच्या युद्धानंतर, रिकाम्या तिजोरीवर बसून, समोर शत्रूची जहाजं असतानाही त्याने आपल्या माणसांना हेच सांगितलं, की आधी मालकाला विचारा, पैसे मोजा, आणि तो नाही म्हणाला तर परत फिरा.